कडुनिंबाखालचा शांतता करार

१ जानेवारी, गुरुवार. स. ८
संकल्प : रोज दोन तास जागतिक राजकारण. शालूच्या टोपल्या उचलणं बंद. (बायकोला वाटतं, माझा जन्म बाजारात पालक-सांभाराच्या जुड्या वाहायला झाला.)
टीव्हीवर दोन राष्ट्राध्यक्ष. भांडण एका डोंगरपट्ट्यावरून. पहिला म्हणाला, तू सैन्य मागे घे, मी पाऊल टाकणार नाही. दुसऱ्याने घेतलं! कागद नाही, सही नाही. असल्या बावळटांच्या हाती देश देतं कोण?

२ जानेवारी
परतवाड्याच्या बाजारात कडुनिंबाखाली शालूची जागा. माझ्या आईच्या वेळेपासूनची. शेजारचा पुंजाजी लसूणवाला दर गुरुवारी वीतभर सरकतो. काल त्याचं पोतं थेट तिच्या टोपलीला टेकलं. शालू भांडली. तुमी मधात पडू नका, म्हणे. बायकांना डिप्लोमसी कळत नाही. पडणार.

५ जानेवारी. सायं. ५
स्टँडवरच्या हॉटेलात पुंजाजीसोबत शिखर परिषद. आलूबोंडा त्याच्याकडून. भाऊ, तुमच्यासारखा शिकेल माणूस बाजारात नाही, म्हणाला. वहिनीच्या जागेवर पाय ठेवला तर लसन विकनं सोडतो, म्हणाला. माणूस पारखण्यात माझी चूक होत नाही.
त्याची अट एकच. जागा धरायला शालू आदल्या सायंकाळी तिथे दगड ठेवते. (सगळेच ठेवतात.) तो उचलायचा. दगड म्हणजे अविश्वास, म्हणाला. रास्त आहे.

७ जानेवारी, बुधवार. सायं. ६
शालूने दगड ठेवला. तिची पाठ वळताच मी उचलला. विश्वासवर्धक पाऊल! 'जागतिक घडामोडी' ग्रुपवर टाकलं. मेंबर सात. एकानेही वाचलं नाही. अडाणी.

८ जानेवारी, गुरुवार. दु. १
कडुनिंबाखाली पुंजाजी, ताडपत्रीसकट. शालू गटाराजवळ, उन्हात. सांभार सुकला. मी पुंजाजीला शब्दाची आठवण करून दिली. म्हणाला, पाय कुठी ठेवला भाऊ, पोतं ठेवलं.
तात्पुरती व्यवस्था दिसते.

१३ जानेवारी
पहिल्याचं सैन्य डोंगरात शिरलं! दुसरा रडतोय, मला शब्द दिला होता. पोट धरून हसलो. अशा गाढवाला जनतेने घरी बसवावं. शालूलाही ऐकवलं. ती हसली नाही. विचारलं, दगड कोनं उचलला? तानुबाई वांगेवालीने मला पाहिलं होतं म्हणे. बाजारात हेरगिरी!

१४ जानेवारी, संक्रांत. दु. ४
पुंजाजीकडे तिळगूळ घेऊन गेलो. दुसरी फेरी. पुढच्या गुरुवारी नक्की सरकतो, म्हणाला. घरी येऊन सांगितलं. शालू म्हणाली, सासूबाईनं तीस वर्सं धरलेली जागा तुमी एका आलूबोंड्यात देऊन टाकली. डोळ्यांत पाणी होतं.
आईची आठवण झाली. फार वाईट वाटलं. (हे खोडायचं आहे.)

१५ जानेवारी, गुरुवार. पहाटे ५
कडुनिंबाखाली बसलोय. थंडी बेकार. शालूने चारलाच आणून बसवलं, मफलर गुंडाळून. आत्ता पुंजाजी आला, पाहिलं, हसला आणि पोतं घेऊन गटाराकडे गेला. जागा परत मिळाली. विजय माझाच.
तिला म्हटलं होतं, एवढ्यासाठी माणूस कशाला, नेहमीचा दगड ठेव. म्हणाली, दगड लोक उचलून नेतेत. तुमाले कोन नेते?