उत्तर आहे, एवढंच

रत्नागिरी

फहाद,

या महिन्यात मी कॉलेजातून निवृत्त होतेय. निरोप समारंभासाठी संशोधनाची माहिती मागितली होती. मी लिहिलं, 'समीकरणाला उत्तर आहे, एवढंच मी सिद्ध करते. ते शोधून काढणं माझं काम नव्हे.'

अम्मीला वाचून दाखवलं. म्हणाली, "हुडकायचा नाय, तर हाय म्हणून सांगायचा कशाला?"

मस्कतची नोकरी सोडून तू कुठे गेलास, कुणालाच माहीत नाही. तरी दर ईदेला ती तुझ्या वाटणीचा शिरखुर्मा बाजूला काढते आणि मला विचारते, "फहाद हाय ना गो?"

मी 'आहे' म्हणते.

वर्गात पुराव्याशिवाय मी कुणाचं काही मान्य केलं नाही. अम्मीने माझ्याकडे अजून पुरावा मागितलेला नाही.

पत्ता कळेपर्यंत हे पत्र माझ्यापाशीच.

तुझी आपा,
झरीन