टाकीचं वय काढलं त्याची हकीकत

मु. टाकीखाली, जि. अमरावती
१२ डिसेंबर १९६६

चि. देवमन यास उत्तमकाकाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. आमी दोघंही खुशाल आहोत. तुझ्या काकूचे गुडघे दुखून राहिले, पण तोंड ठणठणीत आहे (हे तिले वाचून दाखवलं नाही). तू मुंबईले अणुभट्टीजवळ काम करतो, तं डोक्याले रुमाल बांधत जाय.

उन्हाळ्यात तू सुटीवर आला, आमच्या क्वार्टरावरच्या पाण्याच्या टाकीचा तडा पाहिला आन् म्हणाला, काका, आमी भट्टीच्या भिंतींचं म्हातारपण मोजतो, तसंच हेही मोजता येते. तड्यावर काचेची पट्टी चिकटवायची, तारीख घालायची. काच तुटली तं तडा वाढून राहिला समजायचं. इथवर मले समजलं. चूक एवढीच झाली का म्या ते कमेटीत जाऊन सांगितलं. (मी टाकीचा चौकीदार, टाकी डोक्यावर घेऊन झोपणारा गावात दुसरा कोण आहे?)

कमेटीनं अकोल्याहून ओव्हरसियर आणले. त्यायनं पहिला सवाल टाकला, टाकीचं वय किती? कोणाले ठावं! सेक्रेटरी म्हणे, कोतवाल बुकात पाहा. तीन दिवस बुक चाळलं, बाप्पा! गावात जन्मलेलं अन् मेलेलं एकूणएक माणूस सापडलं, टाकी सापडली नाही. मंग ठराव झाला, का जिचा जन्मच नोंदला नाही, ती म्हातारी झाली असं कायद्यानं म्हणता येत नाही.

म्या हट्ट सोडला नाही, तवा कुठं काच लागली. आठ दिवसांत तुटली. आता तडा पाहावा का नाही? छे! चौकशी बसली, सरकारी काच फोडली कोणं? पहिला संशय माझ्यावर (काकूच्या बकरीचाही जबाब घेणार होते, अंगठा नाही म्हणून वाचली बिचारी). दुसरी काच लावली, ती चौथ्या दिवशी तुटली. ओव्हरसियर मोठे हुशार. म्हणाले, काच नाजूक जात, तिचा काय भरवसा? आता तड्यावर कापडाची पट्टी खळीनं चिकटवली आहे अन् वरून चुना मारला आहे. तीन महिने झाले, सूतही तुटलं नाही. टाकी अजून तीस वर्षं तरणीताठी, असा दाखला वर गेला.

खरं सांगू, देवमन? टाकी भरली का आमचं छत कण्हते. मले लई भेव लागते.

तुझा
उत्तमकाका

ता. क. कामाची गोष्ट राहूनच गेली. तुमच्या खात्याच्या कागदावर, गोल शिक्का मारून, दोन ओळी पाठव, का टाकी ताबडतोब रिकामी करा. मजकूर इंग्रजीत पाहिजे. इथं कोणाले समजला नाही, तं अंमल लवकर होईल.

ता. क. दुसरं. मी काकू जमुना लिहून राहिली. ते टपालाचं तिकीट आणाले गेले. पहिली काच म्याच फोडली, वरवंट्यानं. म्हटलं, साहेब लोक तरी हलतील. दुसरीले म्या हात नाही लावला, बाबू. शिक्क्याचं राहू दे, तूच ये.