संतोषने मला टाकलेले नाही

मी, कुसाबाई रावजी बोरस्ते, वय चौऱ्याहत्तर, सध्या राहणार वृद्धाश्रम, त्र्यंबक रस्ता, नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले, डोके ठिकाणावर आहे. कुणी दम दिलेला नाही. दम द्यायची सवय माझीच.

१. इंदिरानगरचा फ्लॅट मुलगा संतोष आणि सून योगिनी यांना निम्मानिम्मा. योगिनीचे नाव पाहून कुणी नाक मुरडू नये.

२. बँकेतील ठेव नात हर्षाली हिला. तिने शिकावे, एकटीने राहावे, लग्न करावे वा करू नये. हे लिहिताना हात अडखळला, पण लिहिले.

३. पितळी हंडा वणीच्या माझ्या जाऊबाई भागीबाई यांना. त्यांचा त्यावर पहिल्यापासून डोळा. हंड्याबरोबर त्यांनी हेही ऐकून घ्यावे: संतोषने मला आश्रमात टाकलेले नाही. मी हट्टाने आले. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे मी शेवटपर्यंत केले, भावकीने वाखाणले. मनातून मी तिच्या मरणाची वाट पाहत होते. योगिनीवर ती पाळी नको, असे मी मुलाला सांगितले. ते निम्मेच खरे. मला कुणाची आई, कुणाची सासू न होता राहायचे होते. इथे मी उशिरा उठते, पत्ते कुटते, सुखात आहे.

पुतण्याच्या लग्नात भागीबाई भर पंगतीत संतोषला म्हणाल्या, "आईला टाकून जेवाया बसला? लाज नाय वाटत?" पोराने ताट सारले. मी शेजारीच होते. पदराने डोळे पुसले, बोलले नाही. स्वतःच्या सुखासाठी घर सोडलेली बाई म्हणवून घेण्यापेक्षा मुलाने टाकलेली आई होणे मला सोपे गेले.

लग्नाहून संतोषच्या घरी आल्यावर मी म्हणाले, सगळ्यांना खरे सांगते. संतोष म्हणाला, "राहू दे गं आई. मला बोललेलं मी सहन करीन, तुला बोललेलं नाही होणार." मी लगेच मानले. तसे मानल्याची लाज वाटते.

४. दशक्रियेला पिंड ठेवल्यावर हर्षालीने हे सर्वांदेखत मोठ्याने वाचावे. कावळा शिवला नाही तर लोक संतोषकडे बघतील, आईची माफी माग म्हणतील. त्याने मागू नये. माफी मी मागते आहे. संतोष, कावळा थांबलाच, तर तो तुझ्या होकारासाठी थांबला आहे असे समज.

लिहून देणार: कुसाबाई रावजी बोरस्ते (सही)

समक्ष सह्या केलेले साक्षीदार:
पल्लवी गायधनी, परिचारिका
डॉ. तेजस्विनी निकम

नाशिक, १२ जानेवारी २०२५