मसूर समजून रांधलेलं बुरचाक

आदरणीय मुनव्वरताई,

तुझ्या दोन्ही हातांचं चुंबन घेऊन ते माझ्या कपाळाला लावतो. (तू हात मागे ओढून घेतलेस ते मला इथूनही दिसतंय, तरी लावतो.) भाऊजींचे गुडघे, तुझा रक्तदाब आणि खिडकीतला पिवळा पक्षी खुशाल असतील अशी आशा आहे. पक्षी अजून मला शिव्या देतो का? मी बरा आहे. गाय बरी आहे. वडिलांचं घर माझ्यापेक्षा जरा जास्त वाकलंय, पण उभं आहे.

गेल्या वर्षी वसंतात तुझ्या अंकाराच्या बागेत जे घडलं, त्यानंतर चौदा महिन्यांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. मी ते मनावर घेत नाही. माझी बाजू मात्र एकदा ऐक. पानाच्या टोकाला कुरळी तार, ती तार दिसेल त्याला गुंडाळलेली. आता एवढं बघितल्यावर कोणीही म्हणेल की रानफीग, ती चाऱ्याच्या फिगेची रानटी वेल, माजली आहे. पाहुण्यानं निदान थोडं काम करावं म्हणून मी सगळी मुळासकट उपटली. तो तुझा सुगंधी फुलांचा वाटाणा होता हे मला भाऊजी पायरीवर डोकं धरून बसले तेव्हा कळलं. दोन्ही झाडं एकाच घराण्यातली आहेत, ताई. घराण्यात तोंडं सारखी असायचीच. तुझं आणि माझं नाक बघ.

असो. एकतीस वर्षं रेल्वेचे सिग्नल पाडल्यावर माणसाला वाटतं की शेत म्हणजे काय, त्याला तर वेळापत्रकही नाही. म्हणून गाईच्या चाऱ्यासाठी मी नदीकडच्या पट्टीत फीग पेरली. उगवली अशी झकास की मी रोज संध्याकाळी बांधावर खुर्ची टाकून बसायचो. मेमध्ये फुलं आली, आणि त्याच आठवड्यात सगळं पीक आडवं झालं. वेल वेलीला धरून पडली, खालची पानं कुजली, आणि मी मधे शिरलो तर दोन्ही पाय असे अडकले की मला बूट तिथंच सोडून बाहेर यावं लागलं. हे सगळं शेजारची साबिरे बघत होती. (दुरसुनची धाकटी बहीण. तुझ्या पुढच्या बाकावर बसायची, तू तिची वेणी बाकाला बांधली होतीस. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली.) ती बांधावरून म्हणाली, "अहो सिग्नलसाहेब, फीग एकटी पेरतात का कुणी? तिला उभं राहायला जव लागतं सोबत. ती जवाला धरते आणि वर चढते." मग शेतात उतरून तिनं माझे बूट शोधून दिले. ताई, मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, माझी सकिना जाऊन सहा वर्षं झाली, घरात चहाचा एकच पेला विसळावा लागतो. बूट हातात घेऊन मी घरी आलो आणि मला जेवण गेलं नाही.

आता साबिरेसमोर पुन्हा अडाणी ठरायचं नाही असं मी ठरवलं. योझगटहून वनस्पतींचं जाड पुस्तक आणलं, एक भिंग आणलं, आणि अभ्यासाला लागलो. आता मी तुला झोपेतसुद्धा सांगेन: शेतातल्या फिगेच्या पानाच्या बुडाशी काळा ठिपका असतो आणि त्यावर मुंग्या जमतात. रानातली जांभळी फीग देठाच्या एकाच बाजूला फुलं लावते. बुरचाकाच्या, म्हणजे त्या गुरांच्या कडधान्याच्या, पानाला टोकाची कुरळी तारच नसते, आणि शेंग जपमाळेसारखी मण्यामण्यांची असते. हे सगळं बघायला रांगावं लागतं. मी मशिदीमागच्या माळावर रांगत होतो तेव्हा लोकांना वाटलं माझी कवळी हरवली. अर्ध्या तासात अकरा माणसं माझ्याबरोबर रांगत होती. कवळी माझ्या तोंडातच आहे हे सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी शेवटी ती गुपचूप काढून गवतात ठेवली. इमामसाहेबांना सापडली. फार आनंद झाला त्यांना.

साबिरेनं माझी मेहनत पाहून दोन पिशव्या दिल्या. एकीत मसूर माझ्यासाठी, दुसरीत बुरचाक गाईसाठी. म्हणाली, एकीला लाल दोरा बांधून देते. मी म्हटलं, दोरा कशाला? मी ओळखतो. (पुस्तकात दाण्यांचं प्रकरण सर्वांत शेवटी होतं. मी तिथवर पोचलो नव्हतो.) पुढच्याच शुक्रवारी गावच्या पाहुणेखोलीत जेवण घालायची माझी पाळी आली. मी एक पिशवी गिरणीवर नेऊन भरडली, छान नारिंगी डाळ निघाली, कांदा-पुदिना घालून सूप केलं. साबिरेचा भाऊ म्हणून दुरसुनला मी पहिल्या मानाच्या जागेवर बसवलं होतं. मी पहिला घोट घेतला आणि मला कळलं, हे बुरचाक आहे. ताई, कडू म्हणजे कडू. पण यजमान खातोय म्हणून पाहुणे खात होते, पाहुणे खातायत म्हणून यजमान थांबू शकत नव्हता. कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि तोंडानं प्रत्येक जण म्हणतोय, "हाताला आरोग्य लाभो, रेमझी!" दुरसुननं तीन वाडगे खाल्ले, कारण मी प्रत्येक वेळी वाढत गेलो. मला दुसरं काही सुचेना.

हे तसंच पचलंही असतं. पण दुरसुनचा बैल बाहेर खिडकीला बांधला होता. वास आल्याबरोबर त्यानं चौकटीतून मान आत घातली आणि पातेलं चाटूनपुसून साफ केलं. मग दुरसुन उठला आणि म्हणाला, "रेमझी, माझ्या बैलाला जे कळतं ते तुला कळत नाही होय रे? तीन वाडगे! तीन वाडगे बैलाचा खुराक चारलास मला!" त्या दिवसापासून तो मला बघून रस्ता बदलतो, आणि बैल मला बघून माझ्यामागे येतो.

बाकी इकडचं सर्व क्षेम. मुलांच्या डोळ्यांचं चुंबन. पाकिटात तुझ्या बागेसाठी फुलवाटाण्याचं बी घातलंय. मी स्वतः ओळखून, नदीकाठी एकेक दाणा वेचलाय.

तुझा हात पाठीवर असावा असं वाटणारा,
रेमझी

ता. क. काल हिंमत करून मी दुरसुनला रस्त्यात गाठलं आणि साबिरेचं नाव काढलं. तो म्हणाला, "घरी वडीलधारं माणूस घेऊन ये, रीतीनं मागणी घाल, मग बघू. एकटा आलास तर बैल सोडीन." ताई, आपल्या घरात माझ्याहून वडील आता तू एकटीच उरली आहेस. येशील का? 'तुमची मुलगी आमच्या मुलासाठी' असं म्हणावं लागेल, तेव्हा 'मुलासाठी' म्हणताना माझ्याकडे बघून हसू नकोस. मिठाई मी आणीन. तिची वेणी तू बांधली होतीस हे तिला अजून आठवतं, पण ती म्हणते तिनं माफ केलंय. मला खूप एकटं वाटतं गं.

आणखी ता. क. साबिरेनं आज रुमालात मूठभर जव बांधून पाठवलं. निरोप नाही, काही नाही. याचा मला वाटतो तोच अर्थ आहे का? लवकर कळव.

शेवटचं. पाकीट चिकटवण्याआधी जव कशाला म्हणून विचारायला तिच्याकडे गेलो आणि बियाही दाखवल्या. त्या रानफिगेच्या निघाल्या. ती म्हणाली, "असू द्या, तीच पाठवा. ताईंना सांगा, पेरायचीच असेल तर शेजारी थोडं जव पेरा." म्हणून रुमालातलं अर्धं जव पाकिटात घातलंय. उरलेलं अर्धं मी ठेवलंय.