लेबलाखालचं लेबल

१८ फेब्रुवारी, खोपोली

या हातांनी काय काय केलं? होडीमागे लावायची अकरा जुनी इंजिनं, एकाच बनावटीची, ठोकून-घासून उभी केली. दहा लेबलं भिंगाखाली ब्रशने रंगवली, सगळी अकराव्या इंजिनावरच्या अस्सल लेबलावरून. कुणाकडे शिकलो नाही.

आज पुसताना त्या अस्सल लेबलाचा कोपरा सुटला. खाली दुसरं लेबल, जुनं. वरच्यासारखं लाल नाही, तपकिरी. त्यावर तीन हॉर्सपॉवर, वरच्यावर पाच. इंजिन भारी वाटावं म्हणून कुणीतरी चिकटवलेलं, आणि मी त्या नकलेच्या नकला काढत बसलो. मला दिसलं कसं नाही? तपकिरी.

ही म्हणाली, "आवो, इंजिन चालतंय ना? मग झालं की!" हिला काय सांगू? दहा इंजिनं माझ्या सहीनिशी, पाचाची म्हणून, लोकांच्या घरी गेलीत. ती कशी परत आणू?

अकरावं न्यायला दहिवलीचे फार्महाऊसवाले शेठ आले. त्यांना खालचं लेबल दाखवलं, तर हसले. "मिस्त्री, वरचं परत चिकटवा. हॉलमध्ये ठेवायचंय, पाण्यात कोण घालतंय? फक्त अस्सल आहे म्हणून लिहून द्या."

नाही म्हणालो. साठ हजार देत होते, रोख.