गोणपाटावरची जागा

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

आजही खुर्ची.

दर गुरुवारसारखी तुर्भ्याच्या वस्तीत शिरले आणि बोळाच्या तोंडाशीच प्रेमलाचा आवाज — "मॅडम आल्या, खुर्ची आणा गं." शेजारच्या दुकानातून ती लाल प्लास्टिकची खुर्ची आली. प्रेमलानं पदरानं पुसली. मी बसले. मार्केटात कांदा निवडणाऱ्या पंधरा-वीस बायका खाली गोणपाटावर, मी वर. बोलणं पाण्याच्या नळाचं होतं. मधेच कोपऱ्यातली एक हळूच काहीतरी बोलली आणि सगळ्या खो-खो हसल्या. "काय झालं?" मी विचारलं. "काय न्हाई मॅडम."

वर बसलं की ऐकू येत नाही.

९ फेब्रुवारी

सकाळपासून बयाबाई आठवताहेत. प्रेमलाची सासू. जाऊन नऊ वर्षं झाली.

त्र्याण्णव साली मी पहिल्यांदा त्या वस्तीत गेले तेव्हा आमचा ट्रस्ट म्हणजे वाशीतली एक खोली आणि मी. बयाबाई आपल्या दारात बसून मिरच्या खुडत होत्या. "उभी का गं पोरी? बस." त्यांनी गोणपाट ओढून दिलं. कॉन्व्हेंटात आम्ही जमिनीवर कधी बसलोच नाही. बाक, चॅपलमधेही बाकच, शिवणकामाच्या तासालाही बाक. मला धड मांडी घालता येईना. "गुडघं का असं वर, टोळावानी?" म्हणाल्या आणि हातानं माझा गुडघा खाली दाबला. त्या हाताला कांद्याच्या सालींचा वास होता.

पुढं कामं वाढली. मी संचालक झाले, गाडी आली. खुर्ची नेमकी कधी आली? जुन्या वह्या चाळल्या. लिहिलेलंच नाही. तेव्हा बहुतेक बरं वाटलं असावं.

२० फेब्रुवारी

विश्वस्तांची बैठक. मार्चअखेर मी निवृत्त होणार. कुलदीपजी म्हणाले, "ताई, पंधरा मार्चपर्यंत पुढच्या संचालकाचं नाव द्या. नाहीतर आम्ही निखिलला फायनल करतो." निखिल मोठ्या कंपनीतून येतोय. मुलगा सरळ आहे, तक्रार नाही.

माझ्या मनात तीन वर्षं एकच नाव आहे — ज्ञानेश्वरी. प्रेमलाची मुलगी, बयाबाईंची नात. बारा वर्षं आमच्याकडे काम करतेय. मार्केटातल्या बायकांना ओळखपत्रं मिळाली ती तिच्यामुळे. तिचं नाव निघताच कुलदीपजी म्हणाले, "पण तिचं इंग्रजी?"

मी पाणी प्यायले.

ही शंका त्यांच्या कानात पहिल्यांदा मीच घातली होती. गेल्या दिवाळीत.

२१ फेब्रुवारी

तिचं इंग्रजी चांगलं आहे. मीच शिकवलंय.

६ मार्च

सगळे गेल्यावर ज्ञानेश्वरी केबिनमधे आली. बसली नाही.

"मॅडम, एक विचारू? मी नकोय का तुम्हाला?"

"असं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तेच ना. निखिल सर आले तरी मी काम करेन, टेन्शन नाही. फक्त ते मला बाहेरून कळायला नको. तुमच्याकडून कळू दे."

मी म्हणाले, "सात वाजले, जा. आई वाट बघत असेल."

किती वाईट वागले मी!

१२ मार्च

शाळेत चूक झाली की सिस्टर एका वाक्यात लिहून घ्यायच्या. 'कारण' हा शब्द चालायचा नाही.

मी ज्ञानेश्वरीचं नाव अडवून ठेवलं.

आता कारण. इथं सिस्टर नाहीत. निखिल आला तर त्याला वस्ती समजावून द्यायला मी लागेन. फोन करेल, गुरुवारी सोबत नेईल. ज्ञानेश्वरीला माझा काय उपयोग? तिचं तर तिथं घर आहे. ती आली की तुर्भ्याला जायला मला काही निमित्तच उरणार नाही.

बत्तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले — ज्यांचा प्रश्न, त्यांच्या हातात संस्था. देणगीदारांसमोर तर टाळ्या घेतल्या त्यावर.

१३ मार्च

सोसायटीची होळी पेटायच्या आधी विश्वस्तांना ज्ञानेश्वरीच्या नावाचं पत्र पाठवलं. कुलदीपजींचा लगेच फोन. "ताई, देणगीदारांसमोर बोलता येईल तिला?"

"मला वस्तीत नीट बोलायला अकरा वर्षं लागली. तेवढे दिवस थांबलातच ना तुम्ही?"

ते हसले. "बरं, बरं."

ज्ञानेश्वरीलाही मीच फोनवर कळवलं. नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

२८ मार्च

शाल, श्रीफळ, भाषणं. वस्तीतलं कुणी नव्हतं. मार्केट चालू, खाडा कोण करणार? ज्ञानेश्वरीनं वाकून नमस्कार केला. मला तो नको होता.

३ एप्रिल, गुरुवार

चार वाजता साडी नेसले. मग आठवलं. नेसलेल्या साडीतच बसून राहिले. दोनदा चहा केला.

१६ एप्रिल

प्रेमलाचा फोन. "मागल्या दोन्ही गुरुवारी आला न्हाईत. रिटायर म्हंजे काय आमच्यातनं बी रिटायर?"

१७ एप्रिल, गुरुवार

गेले. बोळाच्या तोंडाशी तोच आवाज — "मॅडम आल्या, खुर्ची आणा गं." पण प्रेमला माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या मागून ज्ञानेश्वरी येत होती. प्रेमलानं खुर्ची पदरानं पुसली आणि पोटच्या पोरीला म्हणाली, "बसा मॅडम." सगळ्या हसल्या. खुर्ची मात्र कुणी उचलली नाही. ती बसली.

प्रेमला मला म्हणाली, "तुमी इकडं या. सरका गं जरा."

गुडघे वर राहिले, टोळासारखे. प्रेमलानं हातानं दाबले. कोपऱ्यातली हळूच काहीतरी बोलली. या वेळी मला ऐकू आलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"काय झालं?" ज्ञानेश्वरीनं वरून विचारलं. "काय म्हणाली ती?"

कुणी सांगितलं नाही. मीही नाही.