काचेवरची नाडी

२ फेब्रुवारी
इथं परप्रांतात, जगतपुऱ्यात खोली मिळाली, तीही मराठी घरात. घरमालकीण द्वारकाकाकू मूळच्या भुसावळच्या. काका रेल्वेत होते, ते आता नाहीत. पहिलं जेवण वाढताना काकूंनी बजावलं, की वर्षभरात तूही वाक्यागणिक ‘मतलब’ म्हणायला लागशील, मतलब, लागशीलच. मी हसले. प्रयोगशाळेतलं काम आवडीचं आहे. मऊ सिलिकॉनमध्ये ग्राफीन, म्हणजे कार्बनची वीजवाहक पूड, मिसळून पट्ट्या करायच्या. पट्टी जराशी ताणली तरी तिचा विद्युतरोध बदलतो. मनगटावर चिकटवली, की नाडीचा प्रत्येक ठोका पडद्यावरच्या रेघेत उमटतो.

६ फेब्रुवारी
प्रयोगशाळेत माझ्या जागेवर आधी काकूंची मुलगी स्वप्ना होती. दिवाळीत हृदयविकारानं गेली. मेथी निवडता निवडता काकूंनी सांगितलं. माझी खोली तिचीच. मी एक जुडी पुढे ओढली.

११ फेब्रुवारी
प्रयोगशाळेच्या कपाटात स्वप्नानं केलेली पट्टी सापडली. ती पट्ट्या स्वतःच्याच मनगटावर तपासायची म्हणे. मोजण्याआधी पट्टी काचेवर ठेवून शून्य घ्यायचं, हा आमचा नियम. काच स्थिर, म्हणून रेघ सपाट. हिची रेघ सपाट होईना. तारा बदलल्या, टेबल बदललं. काचेवर नाडी चालू आहे. मधूनच एक ठोका चुकतो.

१३ फेब्रुवारी
पुन्हा तपासायला सगळं घरी आणलं. काकूंनी पडदा पाहिला. चुकलेल्या ठोक्यावर त्यांचं बोट थांबलं. स्वप्नाचा लहानपणापासून असाच चुकायचा, म्हणाल्या. उपकरणातला दोष आहे, असं सांगायला हवं होतं. त्यांनी मनगट पुढे केलं आणि मी पट्टी लावली.

१७ फेब्रुवारी
पडद्यावर दोन नाड्या. काकूंची रोज बुटकी होतेय. डॉक्टर अशक्तपणा म्हणतात. काकू पट्टी काढू देत नाहीत. म्हणाल्या, नऊ महिने अशाच दोन होत्या माझ्यात, तेव्हा कुणी काढायला आलं नाही.

१९ फेब्रुवारी
काकूंची रेघ शोधावी लागते. मी विनवण्या केल्या. मी कुणाला विनवत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात गार —

२० फेब्रुवारी
दुपारी माझ्या खोलीत काकूंचा डोळा लागल्यावर पट्टी सोलून काढली. काचेवर ठेवली. रेघ सपाट. पहिल्यांदाच शून्य. दोघी सुटलो, असं वाटलं.
मग बोटांनी काकूंची नाडी पाहिली. ठणठणीत. तरुण. आणि — एक ठोका चुकला.
डोळे उघडले. आवाज काकूंचाच. विचारतात — विचारतेय, मी कोण. तिच्या खोलीत काय करतेय. आई कुठंय.
काय सांगू —
उठलीय. आईला हाका मारत घरभर — आता आरशासमोर —